आठची गोळी

काळा कोट. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. गिऱ्हाईक वकीलबाई. कधी देणार? उद्या.

साडेबारा.

गाडी क्रमांक सात. सुटण्याची वेळ सहा दहा. सुटली सहा चौदा. कारण: चालकाचा चष्मा सापडेना.

पुरुष, वय एकतीस, रक्तगट जुळला. यापुढं काही सांगत नाहीत.

शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं सोडावं. माणूस वाढतो.

एकोणचाळीस पावलं. परवा सेहेचाळीस होती.

टाकी भरायच्या आधी मोजायची असते, भरल्यावर नाही.

वकीलबाई आरशासमोर उभ्या होत्या. त्यांच्या अंगावर कोट होता, म्हणजे कोटाचा नुसता आकार होता. एक बाही पांढऱ्या कच्च्या दोऱ्यानं अडकवलेली, दुसरी टेबलावर कोपरातून दुमडून पडलेली, कुणी हात काढून ठेवावा तशी. मास्तर त्यांच्या पाठीशी उभा होता आणि त्याच्या ओठांत चार टाचण्या होत्या. टाचण्या तोंडात असल्या की शिंप्याला बोलता येत नाही, आणि हे एकदा कळलं की गिऱ्हाईक बोलत सुटतं. "मास्तर, हा कोट तुम्ही मागच्या सोमवारी देणार होता." "हं." "त्याच्या मागच्या सोमवारीसुद्धा देणार होता." "हं." "आज कोर्टात एक साक्षीदार आला होता, अगदी तुमच्यासारखा गोड माणूस. त्याला विचारलं, दार उघडं होतं की बंद? माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाला, बंद. तिथंच मला कळलं, हा खोटा. खरं बोलणारा आधी आठवतो हो, मग बोलतो. खोट्याला आठवायचंच नसतं काही, म्हणून तो लगेच बोलतो." आणि त्या स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या, खांदा हलला, आणि मास्तरच्या हातातली टाचणी कापडातून आरपार जाऊन त्याच्याच बोटात शिरली. फार नाही. मोहरीएवढा थेंब. काळ्या कापडावर तो दिसलाही नसता. पण मास्तर त्या थेंबाकडे बघत राहिला आणि त्याला ऐकू आलं, आपण 'नाही' म्हटलेलं. किती लगेच म्हटलं होतं ते.

"काय झालं? टोचली?" वकीलबाईंनी आरशातून विचारलं. त्यानं तीन टाचण्या तोंडातून काढून उशीत खोचल्या. "काही नाही. झालंच आहे आता सगळं. फक्त काज-बटण राहिलंय." "अहो, बाही टेबलावर आहे!" "बाही आणि काज-बटण," मास्तर म्हणाला. त्या पुन्हा हसल्या. या धंद्यात हे चालतं. गिऱ्हाइकाला माहीत असतं शिंपी खोटं बोलतोय, शिंप्याला माहीत असतं की त्याला माहीत आहे. तिशीतल्या माणसाला पोट सुटणार हे जसं आपण धरून चालतो आणि कमरेला दोन बोटं आत ठेवतो, तसंच तारखेचं. उद्या म्हणजे उद्या नव्हे. उद्या म्हणजे माझं तुमच्याकडे लक्ष आहे. छत्तीस वर्षं त्यानं या शब्दावर दुकान चालवलं होतं. कुणाचा पाय गेला नव्हता त्यात.

कुणाचा पाय गेला नव्हता, हे पुरतं खरं नव्हतं. त्याचाच जायला निघाला होता. डाव्या मांडीतली रक्तवाहिनी आतून बुजली तेव्हा डॉक्टरांनी प्लास्टिकची नळी घातली होती. छान चालली होती ती. मग जांघेतल्या जखमेतून पाझरायला लागलं. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर होतं, दोनशे दहा चड्ड्या आणि तेवढेच शर्ट. त्यानं अस्तराच्या चिंध्या धुऊन, इस्त्री करून, घडी घालून तिथं ठेवल्या आणि बायकोला म्हणाला, सुकतंय. रोज म्हणाला, सुकतंय. बाराव्या दिवशी दुकानाच्या पायरीवर चक्कर येऊन पडला. नळी सडली होती. ती काढली आणि तिच्या जागी, जांघेपासून गुडघ्यापर्यंत, एका मेलेल्या माणसाची रक्तवाहिनी शिवली. बेचाळीस सेंटिमीटर. मास्तरनं लगेच इंचांत करून बघितली होती, साडेसोळा. एका बाहीत निघाली असती. डॉक्टर तरुण होता, त्याला आपल्या पेशंटचा धंदा ठाऊक होता. पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "मास्तर, पहिलं कापड फाटलं. हे दुसरं. तिसरं माझ्याकडे नाही. आता उसवलं तर मला पायच कापावा लागेल, मांडीतून. कळलं ना?" मग त्यानं समजावून सांगितलं होतं. अंगात पहारेकरी असतात. ही नळी परकी आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि ते विसरणार नाहीत, वर्षांनीसुद्धा नाहीत. कॅप्सूल त्यांना मारत नाही, नुसती गुंगी आणते. ती बारा तास पुरते. म्हणून सकाळी आठ, रात्री आठ. उशीर झाला तर ते जागे होतात आणि नळी कुरतडायला बसतात. जास्त दिली तर मूत्रपिंड बिघडतं. म्हणून मधूनमधून रक्त तपासायचं, औषध किती उरतं ते बघायचं. सकाळची कॅप्सूल घ्यायच्या आधी. घेतल्यावर नाही.

"टाकी भरायच्या आधी तळाला किती आहे ते बघतात, तसं," बायको तिथल्या तिथं म्हणाली होती. तिला चटकन कळायचं असलं. ती बसडेपोत वेळनोंद बघायची. कुठली गाडी किती वाजता सुटली, उशीर झाला तर का. तिच्या नोंदवहीत शेवटचा रकाना कारणाचा होता आणि तो तिनं कधी रिकामा सोडला नाही. दवाखान्यातून घरी आल्या दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या दारामागं कागद चिकटवला. तारीख, सकाळ, रात्र, कारण. आणि त्याच्याकडे पाठ करून, चिकटपट्टी दातानं तोडत म्हणाली, "तुम्ही माझ्याशी आयुष्यभर उद्या-उद्या केलंत, मी एक शब्द बोलले नाही. त्या बारा दिवसांचंही बोलले नाही. या कागदावर मात्र खोटं लिहायला लावू नका."

लावलं नव्हतं. ब्याऐंशी दिवस आठ म्हणजे आठ. मांडीतल्या त्या परक्याला दोघं पाहुणा म्हणायला लागली होती. "पाहुण्याला वाढलंत का?" ती डेपोतून फोन करून विचारायची. "वाढलं, ढेकर दिली त्यानं." एकतीस वर्षांचा पाहुणा. मास्तर कधीकधी दुपारी मशीनवर बसल्या बसल्या विचार करायचा, हा कसा चालत असेल? पाय टाकताना पुढं जोर द्यायचा की मागं? पँट शिवून घ्यायचा की तयार घ्यायचा? मशीनच्या पायट्यावर आपण डावा पाय दाबतो तेव्हा रक्त त्याच्यातून येतं, म्हणजे ही टीप अर्धी त्यानं मारली. एकदा त्याला वाटलं होतं की एकतिसाव्या वर्षी मेलेल्या माणसाचीही कुठंतरी शिवायला टाकलेली पँट असेल, आणि कुणी शिंपी तिच्यावर नाव लिहिलेला कागद टाचून वाट बघत बसला असेल.

त्र्याऐंशीव्या दिवशी रक्त द्यायचं होतं. पावणेआठला खिडकी उघडते, पाचसात मिनिटांत नंबर लागतो, मग बाहेर बाकावर बसून कॅप्सूल घ्यायची. असं दोनदा झालं होतं. त्या दिवशी चिठ्ठ्या छापायचं यंत्र बंद पडलं. रांग जिन्यापर्यंत गेली. बायकोची सकाळची पाळी होती, तो एकटा होता. आणि आठ वाजता त्याच्या खिशात फोन ओरडायला लागला, मोठ्यानं, कारण आवाज मोठा तिनंच ठेवला होता. रांग वळून बघायला लागली. त्याला काय झालं ते त्याला नंतर कितीदा आठवूनही नीट सापडलं नाही. हात खिशात गेला. डबी उघडली. एक, दोन. बाटलीतलं पाणी. मशीनवर बसलं की पाय जसा आपोआप पायट्यावर जातो. कॅप्सूल घशाखाली उतरत असताना, उतरून गेल्यावर नाही, उतरत असतानाच त्याला कळलं. ब्याऐंशी दिवसांच्या शहाणपणानं केलेला गाढवपणा. तो तसाच उभा राहिला. घरी जायला हवं होतं. उद्या यायला हवं होतं. आयुष्यात एकदा तो शब्द खऱ्या अर्थानं कामाला आला असता. पण उद्या आलो तर ती विचारणार, आज का नाही. रांग पुढं सरकली, तोही सरकला. नऊ चाळीसला त्याची पाळी आली. खिडकीमागं नवी मुलगी होती, केस रबरानं घट्ट बांधलेले, पुढ्यात नळ्यांची चळत. "गोळी घेतलीय का?" "नाही." दंडाला पट्टा. सुई. बस.

घरी बायकोनं कागदावर लिहिलं: सकाळ नऊ पंचेचाळीस, कारण: यंत्र बंद, रक्त आधी. आणि खाली बरोबरची खूण केली.

चौथ्या दिवशी दवाखान्यातल्या ताईंचा फोन. या ताई सगळ्या पेशंटांच्या गोळ्या आणि तारखा सांभाळायच्या, आवाज नेहमी पळत आल्यासारखा. "मास्तर, तुमचा आकडा साडेबारा आलाय. जास्त आहे हो. डॉक्टर म्हणतात दोनाऐवजी एक घ्या, सकाळी एक, रात्री एक. पुढचं रक्त महिन्यानं." त्यानं 'बरं' म्हटलं. त्याला तेव्हा कळलं होतं का? कळलं होतं आणि नव्हतं. साडेबारा हा आकडा तळाचा नाही, नुकत्याच ओतलेल्या पाण्याचा आहे, हे जगात एकट्या त्यालाच माहीत होतं. पण त्यानं स्वतःला सांगितलं की एवढ्यानं काय होतंय, डॉक्टर आतली दोन बोटं धरूनच सांगत असणार. सगळेच धरतात. मग पोटरी धरायला लागली. बसथांब्यापासून दुकानापर्यंत तो न थांबता यायचा. आता थांबावं लागायचं, दुकानांच्या पाट्या वाचल्यासारखं करत. त्यानं पावलं मोजायला सुरुवात केली आणि मोजल्याचं कुणाला सांगितलं नाही. साठ. सेहेचाळीस. आज एकोणचाळीस. आत कुणीतरी जागं झालं होतं.

त्यानं वकीलबाईंचा कोट उतरवून घेतला. "उद्या?" त्यांनी विचारलं, थट्टेनंच. मास्तर आठवायला लागला. खरोखर आठवायला लागला: कॉलर बसवायची आहे, दुसरी बाही, अस्तर, काज, इस्त्री. "गुरुवारी," तो म्हणाला. "संध्याकाळी." वकीलबाई पर्स खांद्याला लावता लावता थांबल्या. "तब्येत बरी आहे ना मास्तर?"

दुकान त्यानं लवकर बंद केलं. एकोणचाळीस पावलं, मग औषधांच्या दुकानासमोर थांबणं. पोटरीत कुणी ओला कपडा पिळावा तसा पीळ. समोर काचेत चप्पल घातलेला एक प्लास्टिकचा पाय, गुडघ्यापर्यंतच, वर काही नाही. तो उभा राहून हिशेब करत होता. ती मुलगी बघत तरी होती का? खाली मान घालून विचारलं तिनं, सवयीनं, बसमध्ये वाहक 'पुढं चला' म्हणतो तसं. त्याला उत्तर लागत नाही. पुन्हा अडतीस. तिनं विचारलं तेव्हा मागं कुणीतरी खोकत होतं. कदाचित ते तिनं त्या खोकणाऱ्यालाच विचारलं असेल. पस्तीस. विचारलं होतं का? गर्दीत माणूस काहीही ऐकतो. घराच्या जिन्याशी येईपर्यंत खिडकी धूसर झाली होती, मुलगी धूसर झाली होती, फक्त आपला 'नाही' स्वच्छ ऐकू येत होता, कुणीच न विचारता हवेत म्हटल्यासारखा. दुसऱ्या मजल्यापर्यंत तो चार वेळा थांबला. तिसऱ्या थांब्याला त्यानं ठरवलं की उद्या सांगायचं. आणि मग कठड्याला धरून उभ्या उभ्या त्याला ते बारा दिवस आठवले, इस्त्री करून घडी घातलेल्या चिंध्या, प्रत्येक घडी किती नीट होती ते.

आठला दहा मिनिटं होती. बायकोनं बशीत एक कॅप्सूल काढून ठेवली होती, शेजारी पाण्याचा पेला. ती खुर्चीत बसून पायांना तेल चोळत होती. डेपोत दिवसभर उभं राहावं लागायचं. "पाहुणा दमलेला दिसतोय आज," ती म्हणाली. "किती वेळ लागला जिन्याला! मी ऐकत होते."

"दोन दे."

"दोन काय?"

"कॅप्सूल. दोन दे."

"एक सांगितलीय त्यांनी."

"ती माझ्यामुळं सांगितलीय."

तेलाची बाटली तिनं झाकण लावून खाली ठेवली. तो सांगत गेला. रांग, फोनचा आवाज, डबी. एकोणचाळीस पावलं. त्याला वाटलं ओरडेल, रडेल, बारा दिवसांचं काढेल. ती उठली, दारामागच्या कागदाशी गेली, खालून वर बोट नेत ती तारीख शोधली आणि विचारलं, "किती वाजता घेतलीत?"

"आठ."

"आठ म्हणजे?"

"आठला."

तिनं नऊ पंचेचाळीस खोडलं. एकच रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, डेपोत खोडतात तशी. वर आठ लिहिलं. शेजारी सही केली. "एकोणीस दिवस," ती कागदाला म्हणाली. मग फोन उचलला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. "बोला. तुम्हीच बोला."

ताई कुठंतरी रस्त्यावर होत्या, मागं गाड्यांचे आवाज. मास्तरनं एका दमात सांगितलं. "म्हणजे साडेबारा..." ताई म्हणाल्या. "ते गोळीचे होते," मास्तर म्हणाला. "अहो मास्तर! आणि आम्ही अर्धा केला डोस! पाय कसा आहे? गार आहे का? रंग?" बायकोनं वाकून त्याच्या तळपायाला हात लावला. "गार नाही," ती मोठ्यानं म्हणाली, "पण उजव्यापेक्षा थंड." "आत्ता दोन घ्या. उद्या सकाळी काही न घेता सात वाजता या, मी डॉक्टरांना सांगते. पण मला एक सांगा, रक्त घेताना विचारलं नाही कुणी? विचारायचा नियम आहे आमच्याकडे."

बायको खाली बसली होती, त्याचं पाऊल हातात धरून, आणि वर बघत होती.

"कुणीच नाही विचारलं हो," मास्तर लगेच म्हणाला. "गर्दी होती."

तिनं त्याचा पाय सोडला, उठली, आणि कारणाच्या रकान्यात, जुन्या कारणाखाली, लहान अक्षरांत लिहिलं: गर्दी. कुणी विचारले नाही. मग घड्याळाकडे बघितलं, बशीत दुसरी कॅप्सूल ठेवली. आठला एक मिनिट कमी होतं. दोघं ते एक मिनिट थांबली.

नळीची भिंत आतून सुजली होती, दोन ठिकाणी. तीन दिवस सुईवाटे औषध दिलं, मग दोन कॅप्सूल पुन्हा सुरू केल्या. डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत म्हणाला, "अजून दहा दिवसांनी आला असतात, तर मी टेप घेऊनच बसलो असतो मास्तर, मांडी मोजायला." वकीलबाईंना कोट गुरुवारी मिळाला नाही, मास्तर दवाखान्यात होता. त्यानंतरच्या गुरुवारी मिळाला आणि डाव्या खांद्याला अजिबात ओढला नाही. पावलं एकोणचाळीसवरून हळूहळू वाढत गेली. दोनशेनंतर त्यानं मोजायचं सोडलं.

पुढच्या महिन्यात रक्त द्यायला गेला तेव्हा खिडकीत पुरुष होता, वयस्क, चष्मा कपाळावर चढवलेला. काचेवर नवा कागद चिकटवला होता, आणि रक्त देण्याआधी प्रत्येकाला एक चिठ्ठी भरावी लागत होती: शेवटची गोळी किती वाजता, सही. "हे काय नवीन?" मास्तरनं विचारलं. "अहो, एका पेशंटला गोळीचं विचारायचंच विसरली इथली मुलगी," तो माणूस दंडाला पट्टा आवळत म्हणाला, "पाय जायचा होता बिचाऱ्याचा. नवीनच होती. गेली." "कुठं गेली?" "काढली. मूठ वळा." मास्तरनं मूठ वळली. सुई गेली तेव्हा त्यानं दुसरीकडे बघितलं नाही. नळीत रक्त चढताना शेवटपर्यंत बघत राहिला. बाहेर बाकावर बायको डबी उघडून बसली होती. आठला चार मिनिटं होती. "विचारलं ना त्यांनी?" तिनं विचारलं. "विचारलं," तो म्हणाला, "लिहून घेतलं." "बरं झालं," ती म्हणाली. "तुमच्यामुळं लोकांचं भलं झालं म्हणायचं." आणि तिनं बाटलीचं झाकण फिरवून त्याच्यापुढं धरलं. तो पाणी प्याला.

त्या मुलीनं दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा सुई खाली ठेवून.